विजेच्या गिटारीचा रंग व रोगण

बाजारांत हल्लीं विजेची गिटार सुट्या भागांत मिळूं लागली आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही सांगावयास नको. तें त्यांस आमच्या आधींच ठाऊक असतें. एका पुठ्ठ्याच्या खोक्यांत कोऱ्या लांकडाचें अंग, त्यास जोडावयाची दांडी, खुंट्या, घोडी, तारा, तारांचा कंप टिपून घेणारीं चुंबकें, आणि स्क्रूंची एक पुडी, असा सर्व सरंजाम येतो. जोडणी करणें फारसें अवघड नाहीं, कारण भोकें व खांचा कारखान्यांतच यंत्रानें पाडलेल्या असतात. परंतु एक काम कारखानदार गिऱ्हाइकाच्या हातीं सोडून देतो, व बहुधा तेंच बिघडतें. तें काम म्हणजे लांकडास रंग देणें व त्यावर रोगण चढविणें. विजेची तार चुकीच्या जागीं जोडली गेली तर ती सोडवून पुन्हां जोडतां येते. लांकडांत खोल मुरलेला रंग मात्र परत ओढून काढतां येत नाहीं. ज्या घरांत अशी पेटी येते तेथें ती बहुधा आईबापांनीं काटकसर करून घेऊन दिलेली असते. तेव्हां या कामाची रीत मुलांस व पालकांसही नीट समजावी, या हेतूनें पुढील चार गोष्टी लिहीत आहों.

रंग आणि रोगण हीं दोन निराळीं कामें आहेत. रंग दिसण्यासाठीं, रोगण टिकण्यासाठीं. रंगाचेही पुन्हां दोन प्रकार. एक झांकणारा, दारास किंवा लोखंडी कपाटास देतात तो. त्यांत बारीक भुकटी तेलांत वा राळेंत कालविलेली असते. ती पृष्ठभागावर थर धरून बसते व खालचें सर्व कांहीं दडविते. दुसरा मुरणारा, हा पाण्यांत किंवा स्पिरिटांत साखरेप्रमाणें पूर्ण विरघळलेला असतो, व लांकडाच्या तंतूंत शिरून त्यांसच रंगवितो. त्यामुळें लांकडाच्या रेषा झांकल्या न जातां उलट उठून दिसतात. भिंतीवरील चुना आणि तळहातावरील मेंदी यांत जो फरक, तोच येथें आहे.

या दोहोंपैकीं कोणता घ्यावा, यावरून अंबड येथील एका घरांत कांहीं दिवस चांगलाच वाद चालला होता. वडील तेथील औद्योगिक वसाहतींत पावडर कोटिंगचें काम करणारे. मुलगा आमच्या वर्गांतील. त्यानें दोन दिवाळ्यांचे पैसे सांठवून, वर वडिलांकडून तितकेच घेऊन, ही पेटी मागविली होती. वडिलांचें म्हणणें असें कीं, रंग म्हणजे कसा, कोठेंही डाग नाहीं, छटा नाहीं, सर्वत्र एकसारखा. त्यांच्या कारखान्यांत रंगाच्या कोरड्या भुकटीस विद्युद्भार देऊन ती धातूच्या वस्तूवर उडवितात, व मग सुमारें १८० ते २०० अंशांच्या भट्टींत वितळवून घट्ट करितात. लांकूड ही भट्टी सोसणार नाहीं, आंतील ओलावा बाहेर पडतां पडतां तें तडकेल, हें ते जाणून होते. म्हणून मोटारीचा रंग फवाऱ्यानें मारावा, असा त्यांचा विचार होता. मुलगा म्हणाला, "बाबा, लांकूड लपवावयाचें असतें तर मी प्लास्टिकचीच घेतली असती." वडिलांनीं शांतपणें उत्तर दिलें, "आधीं तें लांकूड दाखविण्याजोगें आहे का, तें तर पाहूं." आणि त्यांनीं एक ओलें फडकें मागवून तें कोऱ्या अंगावरून एकदां फिरविलें.

आमच्या मतें सर्व विद्येचें मूळ त्या ओल्या फडक्यांत आहे. लांकूड ओलें झालें कीं रंग दिल्यावर तें कसें दिसेल याची कल्पना घटकाभर येते. लांकडाचे तुकडे जेथें सांधलेले असतात तेथें सरसाचा ओघळ वाळून राहिलेला असतो. कोरड्या लांकडावर तो दिसत नाहीं, पण पाणी लागतांच तेवढी जागा फिकट राहते. सरसांत रंग शिरत नाहीं, म्हणून पुढें तेथें पांढरट डाग पडणार हें निश्चित. यंत्राच्या पात्याचे आडवे ओरखडेही तेव्हांच डोळ्यांत भरतात. शिवाय कांहीं कारखाने अंगावर आधींच पातळ रोगणाचा एक हात देऊन पाठवितात. पाण्याचा थेंब टाकावा. तो शोषला गेला तर लांकूड कोरें आहे, आणि अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा गोळा होऊन राहिला तर तो थर घांसून काढल्याशिवाय रंग धरणार नाहीं. या मुलाच्या गिटारीवर सांध्यापाशीं सरसाचे तीन डाग निघाले. वडिलांच्या कारखान्यांतही पत्र्यावरील तेल व गंज धुऊन काढल्यावांचून भुकटी मारीत नाहींत. तेव्हां या बाबतींत त्यांस कोणी शिकवावयाचें नव्हतें. लांकडाच्या रेषा दिसूं द्यावयाच्या हें त्यांनीं मान्य केलें, पण घांसण्याचें काम आपण सांगूं तसें झालें पाहिजे या अटीवर.

घांसण्यासाठीं काचकागद घ्यावा. त्याच्या पाठीवरील आंकडा जितका मोठा तितकी धार बारीक. १२० पासून आरंभ करून १८०, नंतर २४० असें चढत जावें, व प्रत्येक वेळीं मागील कागदाचे ओरखडे पूर्ण नाहींसे झाल्यावरच पुढचा कागद हातीं घ्यावा. मधला आंकडा गाळण्याचा मोह पुष्कळांस होतो. गाळलेल्या आंकड्याचे ओरखडे रंग दिल्यावर काळ्या रेघा होऊन वर येतात. कागद नेहमीं तंतूंच्या दिशेनें फिरवावा, व सपाट जागीं तो लांकडाच्या ठोकळ्याभोंवतीं गुंडाळावा, म्हणजे बोटांच्या दाबानें खळगे पडत नाहींत. शेवटीं ओलें फडकें फिरवून लांकूड वाळूं द्यावें. पाण्यानें दबलेले तंतू फुगून उभे राहतात व हात फिरवितां दाढीच्या खुंटांसारखे लागतात. त्यांवरून बारीक कागद हलकेच एकदां फिरविला कीं पुढें पाण्याच्या रंगानें ते पुन्हां फारसे उठत नाहींत.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. कांहीं गिटारींच्या दर्शनी बाजूवर लहरदार मेपलचा जो सुंदर पापुद्रा दिसतो, तो बहुधा एका मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्यावर घांसण्याचें यंत्र चालवूं नये. एकदां तो पापुद्रा कडेला फाटून खालचें साधें लांकूड उघडें पडलें कीं त्यावर उपाय नाहीं.

आतां रंग. तो प्रथम गिटारीवर कधींही लावूं नये. त्याच लांकडाचा तुकडा मिळाल्यास त्यावर, नाहीं तर दांडी बसते त्या खांचेच्या तळाशीं पाहावा, कारण ती जागा पुढें झांकली जाते. रंग वाळला म्हणजे निस्तेज दिसतो, त्यानें घाबरूं नये. रोगण लागतांच तो पुन्हां जागा होतो. पाण्यांत विरघळणारा रंग नवशिक्यास अधिक सोयीचा. तो सावकाश वाळतो, म्हणून सर्व अंगावर फडक्यानें भरपूर लावून जादा रंग पुसून घेण्यास अवधि मिळतो. स्पिरिटाचा रंग क्षणांत वाळतो, आणि एक पट्टा दुसऱ्यावर जेथें चढतो तेथें गडद रेघ उमटते. आरंभीं रंग पातळ ठेवावा व दोनतीन हातांनीं गडद करावा. फिक्याचा गडद करणें आपल्या हातीं आहे, गडदाचा फिका करणें नाहीं.

अंगाच्या ज्या कडांवर लांकडाचे तंतू आडवे कापले गेलेले असतात तेथें त्यांचीं तोंडें उघडीं असतात, व तीं नळ्यांप्रमाणें रंग पितात. म्हणून शिंगासारख्या टोकांजवळ काळपट डाग पडतात. त्या कडा इतर भागापेक्षां एक पायरी बारीक कागदानें घांसाव्या, व रंग लावण्यापूर्वीं साध्या पाण्यानें भिजवून घ्याव्या. पाणी प्यालेल्या नळ्या रंग कमी पितात. बासवुडसारख्या मऊ लांकडास हें विशेष लागू आहे. मेपलच्या लहरी खुलविण्याची एक युक्ति अशी: प्रथम काळा किंवा गडद तपकिरी रंग देतात, वाळल्यावर वरवर घांसून काढतात, म्हणजे तो लहरींच्या खोल तोंडांत तेवढा उरतो, मग त्यावर निळा, तांबडा वा मधाळ रंग देतात. युक्ति चांगली खरी, पण वर सांगितलेल्या पातळ पापुद्र्यावर ती हातानेंच व फार जपून करावी.

रोगणाविषयीं लिहितांना आम्हांस मिरजेचें नांव घेतल्यावांचून पुढें जाववत नाहीं. सुमारें १८५० च्या काळापासून मिरजेंत तंतुवाद्यें बनत आहेत. फरीदसाहेब शिकलगार व त्यांच्या घराण्यानें हा धंदा उभारिला. नांवाप्रमाणेंच हे लोक मूळचे तलवारींस धार व झिलई देणारे. शस्त्रांचे दिवस संपले, तेव्हां तोच हात सतारींकडे व तंबोऱ्यांकडे वळला. पंढरपूर व मंगळवेढ्याकडील मोठे कडू भोपळे आणि तून नांवाच्या झाडाचें लांकूड यांपासून तीं वाद्यें घडतात. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. या वाद्यांवर जो तांबूस, आंतून उजळल्यासारखा झळाळ दिसतो, तो लाखेच्या पॉलिशचा.

लाख हें झाडाचें चीक नव्हे. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर एक अतिसूक्ष्म कीटक बसतो, रस शोषतो, व अंगांतून राळ स्रवून तिच्याखालीं स्वतःस झांकून घेतो. त्या डहाळ्या तोडून राळ खरवडतात, कुटतात व धुतात. धुतलेल्या पाण्यांतून तांबडा रंग निघतो. पूर्वीं अळता त्याचाच करीत. उरलेली लाख वितळवून तिचे पातळ पत्रे ओढतात व ते मोडून चपडा तयार होतो. म्हणजे रंग आणि रोगण या दोन्ही वस्तू या एका चिमुकल्या जिवानें मनुष्यास पुरविल्या आहेत. लाख किती सहज पेट घेते हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें पांडवांच्या लाक्षागृहाची कथा आठवावी. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही, प्लास्टिकच्या तबकड्या येईपर्यंत, लाखेच्याच मिश्रणाच्या असत.

चपडा पाण्यांत विरघळत नाहीं, स्पिरिटांत विरघळतो. एक लिटर स्पिरिटांत १२५ ते २५० ग्रॅम चपडा रात्रभर भिजत ठेवावा, अधूनमधून हालवावा, व दुसऱ्या दिवशीं मलमलीतून गाळून घ्यावा. येथें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल कीं, लाखेखालीं स्पिरिटाचा रंग असेल तर पॉलिशचें फडकें त्यास पुन्हां विरघळवील व ओढून नेईल. म्हणून लाखेच्या खालीं पाण्याचाच रंग असावा. कापसाचा बोळा जुन्या धुतलेल्या सुती कापडांत गुंडाळून त्यांत हें पॉलिश मुरवावें, बाहेरून तेलाचें बोट लावावें, व बोळा लांकडावर गोल गोल फिरवीत जावें. विमान जसें धांवपट्टीवर उतरतें तसा तो कडेकडून चालता चालताच टेंकवावा आणि चालता चालताच उचलावा. मध्यें थांबला कीं चिकटला, आणि चिकटला कीं आधींचे चार हात घेऊन निघाला. प्रत्येक हात कागदाहून पातळ बसतो. असे अनेक हात, मध्यें विश्रांति देऊन, कित्येक दिवस द्यावे लागतात. आपल्या शहरांतील जुने पॉलिशवाले हें काम करितांना पाहावयास मिळाले तर विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावें. मनगटाची ती गति लिहून सांगतां येण्याजोगी नाहीं. चपड्याच्या बाटलीवर मिश्रण केल्याची तारीख लिहावी. सहा महिन्यांहून जुनें पॉलिश नीट घट्ट होत नाहीं, बोटास चिकटत राहतें.

लाखेचा दोष असा कीं, ती उष्णतेनें व मद्यार्कानें मऊ पडते, आणि वाजविणाराचा उजवा हात जेथें टेंकतो तेथें घामानें झिजते. सतारीसारख्या वाद्यांत भोपळा व तबली स्वतः कंप पावून नाद देतात, म्हणून तेथें रोगण पातळच हवें. विजेच्या गिटारींत मात्र पोलादी तारेचा कंप चुंबक व त्याभोंवतालचें तांब्याचें वेटोळें टिपतें. अंग बहुधा भरीव असतें. रोगण थोडें जाड झालें तरी नादाची म्हणण्यासारखी हानि होत नाहीं. याच कारणामुळें, १९५० सालीं कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं भरीव अंगाची गिटार विक्रीस आणल्यानंतर, पुढें त्यांच्या कारखान्यानें सरळ मोटारींचे रंग वापरले. कॅडिलॅक मोटारीचा निळा आणि फोर्डचा तांबडा या गिटारींवर आजही ओळखले जातात. यांतील कांहीं रोगण नायट्रोसेल्युलोजचें, म्हणजे कापसावर नत्राम्लाची क्रिया करून केलेलें. तें मिनिटांत वाळतें, पण पुरतें कठीण होण्यास कित्येक आठवडे लागतात. तेव्हां अंबडच्या त्या वडिलांचा मोटारीच्या रंगाचा विचार अगदींच निराधार नव्हता, हें त्यांच्या चिरंजीवांनीं ध्यानांत घ्यावें.

बाप व मुलगा यांनीं मिळून केलेल्या गिटारींत सर्वांत प्रसिद्ध अशी ब्रायन मे यांची. १९६३ सालीं, इंग्लंडांत, हा शाळकरी मुलगा व त्याचे वडील हॅरोल्ड यांनीं घरच्या हत्यारांनीं ती करावयास घेतली, कारण विकतची परवडत नव्हती. दांडीस जुन्या शेकोटीच्या चौकटीचें महोगनी, पडद्यांच्या पट्टीवरील खुणांस आईच्या पेटींतील शिंपल्याचीं बटणें, आणि वर ब्रशनें दिलेलें पारदर्शक रोगण. तीच गिटार पुढें ते 'क्वीन' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदांत वाजवीत राहिले. त्याच वृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी हे आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचे विद्यार्थी, हें आमच्या मुलांस सांगितलें कीं त्यांचे डोळे विस्फारतात.

पालकांनीं पुढील मजकूर विशेष लक्षपूर्वक वाचावा. फर्निचरच्या दुकानांत हल्लीं दोन डब्यांचें पॉलियुरेथेन रोगण मारितात. तें कठीण व टिकाऊ असतें, पण त्याच्या दुसऱ्या डब्यांतील आयसोसायनेट हें द्रव्य फवाऱ्याबरोबर फुप्फुसांत गेल्यास दम्यासारखा विकार जडूं शकतो. साधा रुमाल तोंडास बांधून त्याचें निवारण होत नाहीं. असें रोगण हवेंच असेल तर सर्व सोय असलेल्या कारागिराकडून करवून घ्यावें. मुलांच्या हातीं तें देऊं नये. औद्योगिक स्पिरिटांत विषारी मिथेनॉल असतें, व त्याच्या सेवनानें दृष्टि जाते, प्राणही जातो. बाटलीवर ठळक अक्षरांनीं लिहून ती लहान मुलांच्या हातापासून दूर ठेवावी. थिनर व स्पिरिटाचें काम उघड्या हवेंत करावें, जवळ देवघरांतील दिवा किंवा गॅसची शेगडी असूं नये. जवसाच्या तेलाचें रोगण वापरल्यास त्याचीं फडकीं चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन वाळतें, वाळतांना उष्णता सोडतें, आणि ढिगांत कोंडलेली ती उष्णता, कोणी काडी न लावतां, फडक्यांस पेटविते. तीं दोरीवर एकेक पसरून वाळवावीं, किंवा पाण्यांत बुडवून टाकावीं.

दांडीची गोष्ट थोडक्यांत सांगतों. मेपलची दांडी रोगणाशिवाय ठेवल्यास हाताचा घाम पिऊन काळी पडते व ओलाव्यानें वांकते. म्हणून तिला पातळ हात द्यावेच. शिसमाच्या जातीच्या लांकडाची पडद्यांची पट्टी मात्र तशीच ठेवतात. फक्त तेलाचा किंचित् हात पुरतो. रोगण देतांना तिच्यावर चिकटपट्टी लावून घ्यावी. अंगांतील ज्या खांचेंत दांडी बसते तींत रोगणाचा थर चढूं देऊं नये. सहा तारा सुरांत ताणल्या म्हणजे दांडीवर सुमारें ४५ किलोंचा ताण पडतो, व तो सर्व त्या सांध्यानें पेलावयाचा असतो. खांच थरानें अरुंद झाली तर दांडी पुरती बसत नाहीं, आणि ठोकून बसविल्यास कडेचें रोगण तडकतें. यासाठीं रंगापूर्वींच सर्व भाग एकदां कोरे जुळवून पाहावे, व रंग देतांना त्याच खांचेंत एक लांकडी पट्टी स्क्रूनें बसवून अंग तिच्यावर धरावें किंवा टांगावें. स्क्रूच्या भोकांचीं तोंडें किंचित् रुंद करून ठेवावीं, व स्क्रूस साबण लावावा.

काळाविषयीं एवढेंच कीं, जून ते सप्टेंबर हे महिने नाशिक भागांत या कामास वर्ज्य समजावे. दमट हवेंत स्पिरिट उडतांना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरतें, आणि लाख दुधाळ पांढरी पडते. नायट्रोसेल्युलोजचीही तीच गत. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतची कोरडी हवा उत्तम. वाऱ्याच्या दिवशीं उघड्या गच्चीवर रोगण देऊं नये, धुळीचे कण बसतात. खोलींत आधीं पाणी शिंपडून धूळ बसवावी व खिडकी उघडी ठेवावी. अंबडच्या त्या मुलानें लाखच पसंत केली. रोज शाळेंतून आल्यावर एक हात, असा क्रम त्यानें नाताळापर्यंत चालविला, आणि रविवारीं वडील चष्मा लावून उजेडांत तिरपें धरून तपासूं लागले.

शेवटचा हात दिल्यावर निदान तीनचार आठवडे घाई करूं नये. मग फार बारीक कागद, ८०० पासून २००० पर्यंत, दोन थेंब तेल लावून हलकेच फिरवावा, व मोटारीस झिलई देण्याच्या मलमानें मऊ कापडानें उजळावें. तारा चढविल्यावर पुढेंमागें ओरखडा पडेलच. लाखेची व नायट्रोसेल्युलोजची सोय ही कीं, नवा हात जुन्यास विरघळवून त्याच्याशीं एकजीव होतो व ओरखडा भरून निघतो. पॉलियुरेथेनचे थर असे मिसळत नाहींत. गिटार उभी ठेवावयाच्या घोड्यास रबरी टोकें असतात. नायट्रोसेल्युलोजचें रोगण रबरानें मऊ पडून डागाळतें, म्हणून त्या टोकांवर जुनें सुती कापड गुंडाळून ठेवावें.